सिलिंडर हलवून बघू नका, काट्यावर ठेवा



वडापावच्या कॉस्टिंगच्या व्हिडिओत मी फळ्यावर गॅसचा आकडा ग्रॅममध्ये लिहिला, वड्यामागे सहा ग्रॅम, आणि तो बघून बऱ्याच जणांच्या कपाळावर आठ्या पडल्या. बटाटा ग्रॅममध्ये ठीक आहे, बेसन ठीक आहे, पण गॅस? गॅस तर सिलिंडरमध्ये मोजतात! इथेच माझं तुमच्याशी भांडण आहे. व्हिडिओत तेवढा वेळ नव्हता म्हणून ते इथे सविस्तर मांडते.

माझं म्हणणं असं की ज्याच्या धंद्यात शेगडी पेटते, त्याच्याकडे सिलिंडर तोलायचा काटा असलाच पाहिजे. मग तो वडापावचा गाडा असो, मेस असो, केटरिंग असो नाहीतर घरून घेतल्या जाणाऱ्या फराळाच्या ऑर्डरी असोत. गल्ल्याची पेटी नसेल तर आपण दुकान उघडत नाही ना? मग काट्याशिवाय भट्टी कशी पेटवतो?

कार्यशाळेत मी एक प्रश्न नेहमी विचारते. तुमच्या एका प्लेटला तेल किती लागतं? पटकन उत्तर येतं, अगदी पळीच्या हिशेबात येतं. कांदा किती? तेही येतं. कांद्याचा भाव दोन रुपयांनी हलला तरी ह्या लोकांची झोप उडते. मग विचारते, गॅस किती? की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. "मॅडम, महिन्याला चार-पाच सिलिंडर जातात." चार की पाच? "कधी चार, कधी पाच." आता ह्या चार आणि पाचच्या मध्ये एक अख्खा सिलिंडर आहे, म्हणजे १९ किलो माल! १९ किलो तेल दर महिन्याला कुठे जातं ते माहीत नाही, असं कोणी म्हणालं तर तुम्हीच त्याला वेड्यात काढाल.

आणि हिशेबाच्या वहीत बघा. गॅससमोर लिहिलेलं असतं, "अंदाजे". नाहीतर एकूण खर्चाच्या पाच टक्के धरलेला असतो. पाचच का, तर कोणीतरी सांगितलं म्हणून.

आता अंदाज घ्यायच्या आपल्या पद्धती बघू. कोणी सिलिंडर हलवून बघतो, कोणी बोटाच्या पेरांनी टकटक करतो. कोणी ज्योतीचा रंग बघतो, तर कोणी ओलं फडकं गुंडाळून बाजूला काढतो आणि कुठपर्यंतचा ओलावा आधी वाळतो ते बघतो. ह्यातली फडक्याची युक्ती खोटी नाही, ती चालते. आत जिथवर पातळ गॅस असतो तिथवरचा पत्रा लवकर तापत नाही, म्हणून तिथली ओल उशिरा सुकते आणि वरचा भाग आधी कोरडा होतो. घरात दोन बर्नरच्या शेगडीला एवढं पुरतं. पण त्यातून कळतं काय? "अर्ध्याच्या जरा खाली." धंद्याला हा आकडा चालत नाही. अर्ध्याच्या जरा खाली म्हणजे उद्या संध्याकाळच्या गर्दीत पुरेल का, एवढं तरी सांगता येतं का त्यावरून?

ज्योतीवर तर अजिबात जाऊ नका. लोकांना वाटतं, गॅस कमी होत गेला की ज्योतही हळूहळू कमी होत जाईल, टाकीतलं पाणी खाली गेलं की नळाची धार बारीक होते तसं. सिलिंडरमध्ये तसं होत नाही. आतला माल पातळ आहे, दाबाखाली ठेवलेला. वरच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ असते आणि आपण जाळतो ती ही वाफ. वाफ गेली की खालचं पातळ उकळून नवी वाफ तयार होते. आत पातळ गॅस शिल्लक असेपर्यंत, तापमान तेवढंच असलं तर दाबही जवळजवळ तेवढाच राहतो, मग आत १२ किलो असो की ३ किलो. म्हणजे प्रेशर मीटर लावला तरी किती माल उरला ते तो सांगणार नाही. ते सांगणारी एकच गोष्ट आहे, वजन. माल किलोने विकत घेतलाय, तो किलोनेच मोजायचा.

कसा मोजायचा ते आता सांगते, ते काही अवघड नाही.

सिलिंडरच्या वरच्या गोल कड्याला धरून ठेवणाऱ्या उभ्या पट्ट्या असतात, त्या नीट बघा. एका पट्टीवर किलोमध्ये एक आकडा असतो, घरगुती सिलिंडरवर १५.३, १५.७, १६.१ असा काहीतरी. हे त्या सिलिंडरचं रिकामं वजन, म्हणजे टेअर वेट. प्रत्येक सिलिंडरचं वेगळं असतं, म्हणून शेजाऱ्याचा आकडा आपल्याला चालत नाही आणि मागच्या सिलिंडरचाही चालत नाही. ह्या रिकाम्या वजनात गॅसचं वजन मिळवा. घरगुतीत १४.२ किलो गॅस असतो, व्यावसायिकमध्ये १९ किलो. समजा तुमच्या १९ किलोच्या सिलिंडरवर १८.४ लिहिलंय, तर भरलेला सिलिंडर काट्यावर ३७.४ च्या आसपास दिसला पाहिजे. मधल्या कुठल्याही दिवशी वजन करा, त्यातून १८.४ वजा करा, उरला तो गॅस. काटा २४.९ दाखवत असेल तर आत साडेसहा किलो आहे. संपला विषय.

त्याच पट्ट्यांवर इंग्रजी अक्षर आणि वर्ष असा आणखी एक शिक्का असतो, तो पुष्कळ लोक रिकामं वजन समजतात. ती सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत आहे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर आणि डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. मुदत उलटून गेलेला सिलिंडर घेऊ नका, परत द्या. विषय वजनाचा चाललाय, पण डोळे त्या पट्टीवर गेलेच आहेत तर हेही बघून घ्या.

काटा कुठला घ्यायचा? किराणा-भाजीच्या दुकानात असतो तो प्लॅटफॉर्म काटा, १०० किलोपर्यंतचा, इलेक्ट्रॉनिक. एकदाच काही हजार रुपये जातात. जुना पण नीट चालणारा मिळाला तरी हरकत नाही, फक्त घेताना माहितीतलं एखादं वजन, म्हणजे तांदळाचं २५ किलोचं सीलबंद पोतं वगैरे, ठेवून बघा. हुकाच्या लटकत्या काट्याने घरगुती सिलिंडर कसाबसा तोलता येतो. १९ किलोचा भरलेला मात्र त्यावर उचलायला जाऊ नका, कंबर धरेल. सिलिंडर कवेत घेऊन माणसं तोलायच्या काट्यावर उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं, हे तर नकोच. आणि एक लक्षात ठेवा, ह्याच काट्यावर तुम्ही गिऱ्हाइकाला मिठाई नाहीतर फराळ तोलून देणार असाल तर त्याला वैधमापन खात्याची मुद्रा लागते. नुसता स्वतःच्या हिशेबासाठी असेल तर तो प्रश्न नाही.

रोज सिलिंडर सोडवून काट्यावर चढवायची गरज नाही, आणि तसं करूही नका. काटा जमिनीवर सपाट ठेवा, सिलिंडर त्यावर उभा करा आणि तिथूनच नळी जोडा. नळी आणि रेग्युलेटरचं थोडं वजन त्यात येईल, म्हणून जोडणी झाल्यावर दिसणारा आकडा एकदा लिहून ठेवा, जोडण्याआधीचा आणि नंतरचा. फरक कायम तेवढाच राहतो. नळीला ताण नको, काटा डुगडुगायला नको. काट्याचा चार्जर तिथे जमिनीवरच्या बोर्डात लावायचा नाही, बाहेर नेऊन चार्ज करायचा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो, आणि ठिणगी तिथेच असली तर पुढचं मी सांगायला नको.

आता वहीचं. सकाळी भट्टी पेटवायच्या आधी वजन, रात्री बंद केल्यावर वजन, आणि पुढे त्या दिवशी काय आणि किती बनवलं ते. एवढं एक आठवडा करा. मग काय दिसतं ते बघा.

वडापावचाच हिशेब घेऊ. सकाळी २४.९, रात्री २२.५. गेला २.४ किलो. वडे झाले ४००. भागाकार करा, वड्यामागे सहा ग्रॅम. आता भाव. व्यावसायिक सिलिंडरचा भाव महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतो आणि गावागणिक वेगळा असतो, म्हणून हिशेबाला सोपा पडावा असा १९०० रुपये धरते. किलोला १०० रुपये झाले. तुम्ही तुमच्या बिलावरचा भाव घाला. सहा ग्रॅमचे झाले ६० पैसे. व्हिडिओतला आकडा इथून आला होता. १९ किलोला रोजचे २.४, म्हणजे सिलिंडर जेमतेम आठ दिवस जाणार, आणि नवा सिलिंडर कधी सांगायचा हेही तुम्हाला पाचव्या दिवशीच ठाऊक असणार.

पण खरी गंमत पुढे आहे. एखाद्या दिवशी वडे तेवढेच होतात, आणि वहीत ३.१ किलो दिसतो. सातशे ग्रॅम जास्त! हा कुठे गेला? गळती असेल तर ते आधी शोधायचं, साबणाच्या पाण्याने, काडी लावून कधीच नाही. वास येत असेल तर खटका न दाबता दारं-खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा आणि १९०६ ला फोन लावायचा, हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. पण बहुतेक वेळा गळती नसते. दुपारी तीन ते पाच गिऱ्हाईक नव्हतं आणि कढईखाली ज्योत चालूच होती, तेल नुसतं तापत बसलं होतं. नाहीतर बर्नरची भोकं पिठाने नाहीतर काजळीने बुजली होती, ज्योत पिवळी होऊन कढईच्या बुडाला काळं धरत होतं. नाहीतर बटाटे उघड्या पातेल्यात उकडले, झाकण न ठेवता. रोजचे हे सातशे ग्रॅम म्हणजे ७० रुपये. महिन्यात २६ दिवस गाडा लागतो असं धरलं तर १८.२ किलो. घ्या, तो चार आणि पाचच्या मधला सिलिंडर सापडला.

"पोरांना सांगितलंय ना ज्योत बारीक ठेवा म्हणून." सांगून होत नाही हो. तुम्ही गाड्यावर नसताना ते कोण बघणार? काट्यावर लिहिलेला रात्रीचा आकडा मात्र पोराला स्वतःलाच दिसतो. मी तर म्हणेन की वजन लिहायचं काम भट्टीवरच्या माणसालाच द्या. त्याच्यावर लक्ष ठेवायला म्हणून देऊ नका, आकडा त्याचा व्हावा म्हणून द्या. महिना-दोन महिन्यांत जो गॅस वाचेल त्यातले थोडे पैसे त्याच्या हातावर ठेवा. मग दुपारी ज्योत बारीक करायला तुम्हाला ओरडावं लागणार नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला तो सांगते. गॅसचा विषय काढला की सगळ्यांच्या तोंडी एकच तक्रार असते, "मॅडम, सिलिंडर कमी भरून येतो." येतो, नाही असं नाही, त्याकडे मी येतेच. पण त्याच्या आधी तुमच्या दुकानातून परत जाणारा सिलिंडर तोला. संपला म्हणून बाजूला काढून ठेवलेला.

एका मेसवाल्या ताईंना मी हे करायला लावलं. जानेवारीतली गोष्ट, थंडी चांगली पडली होती. चार खाली सिलिंडर एजन्सीचा टेम्पो यायची वाट बघत उभे होते. चारही तोलले आणि प्रत्येकाचं रिकामं वजन वजा केलं. एकात १.१ किलो, दुसऱ्यात १.८, तिसऱ्यात ०.३ आणि चौथ्यात २.३. बेरीज साडेपाच किलो. किलोला १०० धरले तर साडेपाचशे रुपयांचा गॅस, पैसे देऊन घेतलेला आणि फुकट परत चाललेला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "मग शेगडी विझली का?"

त्याचं कारण कळून घ्या, कारण हे तुमच्याकडेही होत असणार. पातळ गॅस उकळून वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती तो स्वतःतून, पत्र्यातून आणि बाहेरच्या हवेतून ओढतो. म्हणून मोठी भट्टी तासभर चालली की सिलिंडर बाहेरून गार लागतो, घाम येतो, कधी पांढरं दहिवरसुद्धा धरतं. आत माल भरपूर असतो तेव्हा हे निभावतं. पण माल तळाला आला की पातळ गॅसचा पत्र्याला लागणारा भाग कमी होतो, तो लवकर थंड पडतो, आणि भट्टी जेवढी वाफ मागते तेवढी तयारच होत नाही. त्यात आपल्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन मिसळलेले असतात. प्रोपेन आधी निघून जातो आणि शेवटी उरतो त्यात ब्युटेन जास्त, जो थंडीत नीट उकळत नाही. म्हणून पहाटे पोहे-उपम्याच्या घाईत ज्योत एकदम मान टाकते. पोरगं म्हणतं, संपला. आणि दोन किलो गॅस असलेला सिलिंडर "खाली" म्हणून बाजूला जातो.

काटा असता तर तो त्याच क्षणी म्हणाला असता, संपला नाही, गारठलाय. मग काय करायचं? तासभर तसाच उभा ठेवायचा, तो खोलीच्या तापमानाला येतो. नाहीतर मोठ्या भट्टीवरून काढून चहाच्या लहान शेगडीला लावायचा, जिला थोडीच वाफ लागते. तिथे तो शेवटपर्यंत जातो. मोठ्या भट्ट्यांसाठी एजन्सीकडून दोन सिलिंडर एकत्र जोडायची मॅनिफोल्डची सोय करून घेतली तर दोघांवरचा भार निम्मा होतो आणि हा प्रकारच कमी होतो. ते काम मात्र त्यांच्याच माणसाकडून करून घ्या.

सिलिंडर आडवा पाडायचा नाही. आडवा केला की वाफेच्या जागी पातळ गॅस नळीत येतो आणि ज्योत भसकन मोठी होते. उकळत्या पाण्याच्या घमेल्यात ठेवायचा नाही, खाली निखारे तर स्वप्नातही नाही. मी हे प्रकार डोळ्यांनी पाहिलेत आणि ते करणारी माणसं अडाणी नव्हती, त्यांना फक्त ते दोन किलो सोडवत नव्हते. त्यांच्या जिवाची तळमळ मला समजते. पण उपाय चहाच्या शेगडीचा आहे, घमेल्याचा नाही.

आता कमी भरून येणाऱ्याबद्दल. घरगुती सिलिंडर घरी येतो तेव्हा डिलिव्हरीवाल्याने काटा सोबत ठेवायचा असतो आणि तुम्ही म्हणालात तर तोलून दाखवायचा असतो. हा तुमचा हक्क आहे, उपकार नाही. १४.२ किलोला दीडशे ग्रॅमची तूट-वाढ चालते, त्यावरून भांडू नका. त्याहून कमी भरला तर सिलिंडर घेऊ नका, बदलून मागा, आणि पुन्हापुन्हा होत असेल तर गॅस कंपनीकडे आणि वैधमापन खात्याकडे लेखी तक्रार करा. व्यावसायिक सिलिंडर टेम्पोतून दहा-दहा उतरतात, तिथे कोणी तोलत बसत नाही. पण तुमचा काटा तिथेच असेल तर एक सिलिंडर ठेवायला अर्धं मिनिट लागतं. सील शाबूत आहे म्हणजे वजन बरोबर आहे असं धरू नका. सील बघा, आणि वजनही बघा.

"मॅडम, असं रोज तोललं तर पोऱ्या नाराज होतो, मग सणासुदीला सिलिंडर उशिरा आणतो." ही भीती खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. म्हणून माझा सल्ला असा की तोलायचं, पण संशयाने नाही. "थांब रे बाबा, वहीत लिहायचंय" एवढंच म्हणायचं, त्याला चहा द्यायचा आणि त्याच्यासमोर आकडा लिहायचा. सगळ्यांचेच सिलिंडर तोलले जातात असं एकदा कळलं की ती सवय होते. आणि तो पोऱ्या बरेचदा बिचारा निर्दोष असतो, उन्हातान्हात दिवसभर टेम्पो चढतो-उतरतो. तुमच्या वहीत "आला तेव्हा ३७.३" असं लिहिलेलं असेल तर उद्या त्याच्यावर उगाच आळ येणार नाही, हाही फायदा आहे.

दुसरा आक्षेप येतो तो मोठ्या लोकांकडून. "आम्ही दोन जास्तीचे ठेवतो, संपला की बदलतो, तोलत कोण बसणार?" जास्तीचा सिलिंडर ठेवाच. पण तो अडचणीसाठी आहे, त्याने हिशेब होत नाही. आणि किती ठेवायचे ह्यालाही मर्यादा आहे. परवान्याशिवाय १०० किलोपर्यंतच एलपीजी ठेवता येतो, म्हणजे १९ चे पाच. बघा, कायदासुद्धा किलोत बोलतो, सिलिंडरमध्ये आपणच बोलतो.

केटरिंगवाल्यांना तर काट्याचा सगळ्यात जास्त उपयोग आहे. लग्नाची ३०० पानांची ऑर्डर. निघताना दोन सिलिंडर मिळून ७४.१ किलो, परत आल्यावर ५२.६. गेला २१.५, पानाला सुमारे ७२ ग्रॅम, सात रुपये वीस पैसे. पुढच्या वेळी ५०० पानांचा भाव देताना तुम्ही अंदाजपंचे बोलणार नाही, आणि तिथे किती सिलिंडर न्यायचे हेही आधीच कळेल. पंगत बसलीय आणि जिलेबीची कढई गार पडतेय, हा प्रसंग ज्याने एकदा बघितलाय त्याला मी आणखी काय सांगू.

वजन सांगणाऱ्या मोबाइलच्या सेन्सर-चकत्यांबद्दलही मला विचारतात. घ्यायच्या तर घ्या, माझी हरकत नाही. पण त्या आकडा देतात, त्या दिवशी वडे किती झाले ते लिहीत नाहीत. ते वहीतच लिहावं लागतं. काही कंपन्यांचे फायबरचे कंपोझिट सिलिंडर निघालेत, त्यात आतली पातळी बाहेरून दिसते, घरासाठी छान सोय आहे. ते ५ आणि १० किलोत मिळतात. तुमच्या भट्टीखालचा १९ किलोचा लोखंडीच राहणार. मुंबई-पुण्यात ज्यांच्याकडे पाइपचा गॅस पोचलाय त्यांना हा लेख वाचायची गरज नाही, त्यांच्या भिंतीवर मीटर आहे. आपल्या भिंतीवर तो नाही, म्हणून आपला मीटर जमिनीवर ठेवायचा.

घरून फराळ करणाऱ्या ताईंसाठी थोडं वेगळं. एक तर घरगुती सिलिंडरवर धंदा करणं नियमात बसत नाही, हे मी गोड शब्दांत झाकणार नाही. ऑर्डरी वाढल्या की व्यावसायिक कनेक्शन घ्या. लगेच १९ किलो झेपत नसेल तर ५ किलोचा छोटा सिलिंडर बाजारभावाने मिळतो, त्यावर सुरुवात करा. किलोमागे महाग पडतो, पण तोच खरा खर्च आहे. आज तुमच्या चकलीचा भाव परवडतो असं वाटतं, त्याचं एक कारण म्हणजे गॅस घरच्या खात्यावर पडतोय. शेजारणीपेक्षा वीस रुपये स्वस्त देतेय म्हणून खूश होण्याआधी त्या किलोभर चकलीला गॅस किती गेला ते बघा. शेव, चकली, अनारसे, तिघांचा गॅस वेगवेगळा येतो. बारीक आचेवर निवांत तळायचा अनारसा आणि भराभर निघणारी शेव एकाच टक्क्यात कशी बसतील?

राहिला एक प्रश्न, पट्टीवरचा आकडा रंगाखाली गेला असेल तर? नुसता रंग असेल तर ओल्या फडक्याने पुसून, टॉर्च मारून बघा, बहुतेक वेळा खोदलेला आकडा हाताला लागतो. वाचताच येत नसेल तर तो सिलिंडर घेऊ नका, दुसरा मागा. आणि घेऊन बसलाच असाल तर आलेलं वजन लिहून रोजचा फरक बघत जा, रोजचा वापर तरी कळेल, शिल्लक कळणार नाही.

दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत एक आठवड्याची वही तयार ठेवा. पुढच्या व्हिडिओत आपण किलोभर चकलीचा पूर्ण हिशेब फळ्यावर करणार आहोत. गॅसच्या रकान्यात मी माझा आकडा लिहीन, तुम्ही तुमचा लिहा.